झाकणाचा वास

चहाचा घोट तोंडात घेतला आणि धावत जाऊन मोरीत थुंकले.

दूध परवाचं होतं. ओट्यावर उघडं राहून आंबलेलं, पातेल्याच्या कडेला पिवळी रेघ धरलेलं, आणि आल्या-साखरेच्या आड लपून माझ्या जिभेपर्यंत पोचलेलं. तीन चुळा भरल्या तरी घशाशी काहीतरी बुळबुळीत चिकटून राहिलं ते राहिलंच.

मागे वळले तर अण्णा तोच चहा बशीत ओतून पीत होते. निवांत. फुर्र, फुर्र.

"काय झालं गं?"

"अण्णा, दूध नासलंय!"

"असंल." बशी तिरपी करून त्यांनी तळाचा चोथासुद्धा ओढला. "गरम हाय न्हवं? मग झालं तर."

अंगावर काटा आला तो ह्या वाक्यानं. कारण ते माझे वडील, भूपाल मगदूम, बोलले होते.

अण्णांनी चौतीस वर्षं गावच्या दूध संस्थेत एकच काम केलं. कॅनच्या झाकणाचा वास घेतला. पहाटे माणसं कॅन घेऊन रांगेला लागायची. अण्णा एकेक कॅन उघडायचे, झाकण उलटं करून नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे. एका श्वासात निकाल. चांगलं असेल तर मान हलायची. नसेल तर कॅनवर खडूची फुली आणि एकच शब्द, "परत." फॅट किती, पाणी किती, हे यंत्र सांगायचं. पण दूध काल कुठल्या भांड्यात होतं, म्हशीनं काय खाल्लं, सडाला जखम आहे का, हे अण्णांचं नाक सांगायचं. एकदा सरपंचांच्या घरचा कॅन परत गेला. दीड महिना सरपंच अण्णांशी बोलले नाहीत. मग त्यांची सूनच येऊन म्हणाली, "काका, बरं केलंत. म्हैस दुखणाईत होती, आमच्या ध्यानातच आलं नव्हतं."

आई होती तेव्हा भाकरी थापता थापता, त्यांच्या कानावर जाईल अशा बेतानं, ओवी म्हणायची:

माझ्या गं धन्याचं नाक गावाहून न्यारं
घासाच्या आधी घेतं घराचा कारभार

अण्णा लटके रागवायचे. शाळेला सुट्टी असली की मला संस्थेत न्यायचे. झाकण माझ्या नाकाशी धरायचे. "सांग सुनी. घ्यायचं का परत?" मी चुकले की तेच झाकण पुन्हा. बरोबर आलं की पुढचं झाकण. मला मळमळून आलं, मी तोंड फिरवलं, तर म्हणायचे, "लाजू नगंस. किळस म्हंजे दारातला कुत्रा हाय आपला. भुकू दे त्याला. भुकतोय म्हणून तर घर हाय."

असा माणूस नासका चहा पिऊन मिशा पुसत होता. आणि कारण मी होते. पण त्या सकाळी मला ते ठाऊक नव्हतं. म्हटलं, वय झालं. पातेलं घासायला टाकलं आणि दोघं कामावर गेलो.

*

आमची कंपनी, निर्मळ प्रणाली, इचलकरंजीतल्या एका जुन्या मागाच्या शेडमध्ये होती. माग कधीच गेले होते. त्यांच्या जागी टेबलांच्या रांगा, टेबलांवर पडदे, आणि पडद्यांसमोर कपाळाला पट्टी बांधलेली चाळीस माणसं. आम्ही गटारात उतरणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायचो. सहा पायांची, चपटी यंत्रं. आम्ही त्यांना खेकडे म्हणायचो. खेकडा उतरला की माणसाला उतरायला नको. नोकरी धरली तेव्हा मला हे पुण्याचं काम वाटलं होतं. तेवढ्यापुरतं अजूनही वाटतं.

अडचण वासाची होती. गटारात चाळीस प्रकारचे वायू एकमेकांत मिसळतात. खेकड्याचे संवेदक प्रत्येकाचा आकडा देतात, पण आकड्यांच्या त्या गर्दीतून पुढे मेलेला उंदीर आहे की फुटलेली गॅसची नळी, हे कुठल्याच गणिताला धड सांगता येईना. माणसाचं नाक ते एका श्वासात सांगतं. म्हणून पट्टी आली. खेकड्याला आलेला वास ती ध्वनिलहरींनी थेट मेंदूतल्या गंधाच्या केंद्रात उमटवते. प्रोग्राम लिहिणारा इचलकरंजीत बसतो आणि पाचशे किलोमीटरवरचं गटार त्याच्या नाकात येतं.

पहिल्या आठवड्यात शेडमध्ये बादल्या ठेवाव्या लागल्या. आशपाक मुजावर, आमच्यातला सगळ्यात तरबेज प्रोग्रामर, कीबोर्डवरच ओकला. डाळ-भात आणि पित्त. बटणं अडकली ती कायमची. 

मग ठरलं, किळस बंद करायची.

आणि ते काम माझ्याकडे आलं. कारण डबे मी बांधायची. मला स्वतःला पट्टी लागत नसे.

डब्याची गोष्ट सांगायला हवी. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं एक जुनं रडगाणं आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय." याच्याकडे भाषेची एक आवृत्ती, त्याच्याकडे दुसरी, याच्याकडे एक साधन आहे, त्याच्याकडे नाही. त्यावर उतारा म्हणजे कंटेनर. आमच्या तोंडी डबा. प्रोग्रामला जे जे लागतं ते सगळं एका बंद डब्यात भरायचं. कसं भरायचं त्याची कृती एका फाइलीत लिहून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. कुणीही कुठल्याही मशीनवर एडिटरमध्ये ते फोल्डर उघडलं की एडिटर कृती वाचतो आणि कोपऱ्यात हळूच विचारतो, डब्यात उघडू? हो म्हटलं की डबा बांधला जातो आणि प्रत्येकासमोर हुबेहूब तीच खोली उभी राहते, तीच हत्यारं त्याच खुंटीला. संध्याकाळी डबा फेकून द्यायचा. बाहेरच्या मशीनला डाग लागत नाही.

आमच्या डब्यात माणसाचं पोटही भरलेलं होतं.

मेंदूत, कानाच्या वर खोल एका घडीत, इन्सुला नावाचा भाग आहे. किळस तिथं उठते. नासक्या अन्नाची उठते, आणि कुणी दुसऱ्याला तुडवताना पाहिलं की त्याचीही बरीचशी तिथूनच उठते. पट्टी आधी माणसाच्या गंधस्मृतीचा नकाशा काढते: कुठल्या वासाला हा मेंदू किती दचकतो. हा नकाशा फाइल होऊन त्या माणसाच्या ताब्यात राहतो. सकाळी डबा उघडताना नकाशाची नक्कल आत जाते, नकलेतली किळस पुसली जाते, आणि पट्टी त्या पुसलेल्या नकाशाप्रमाणे मेंदूला शांत बसवते. संध्याकाळी पट्टी मूळ नकाशा वाचते आणि माणूस होता तसा परत करते. नक्कल डब्याबरोबर नष्ट होते. कायद्यानं माणसाचा नकाशा एकच असतो. दुसरी प्रत साठवायला बंदी. चांगलाच कायदा आहे.

बादल्या गेल्या. शेडमध्ये सुगंधी फवारा मारू लागले.

*

अण्णांना मीच आणलं, किळस पुसणारा डबा लागू व्हायच्या आधी. संस्थेत वास घेणारं यंत्र बसल्यापासून ते घरी बसून होते. भाजीवाल्याची कोथिंबीर हुंगून भांडत होते. म्हटलं, या नाकाला काम आहे. ते आले, पट्टी बांधली, आणि पहिल्याच दिवशी तीन प्रोग्रामरांना जे जमलं नव्हतं ते केलं. मी त्यांना एडिटर शिकवला. प्रत्येक वासाखाली एक ओळ लिहायची: काय आहे, आणि खेकड्यानं काय करायचं. एका बोटानं टाइप करत ते लिहायचे. सुरुवातीच्या, किळस असतानाच्या ओळी अजून आहेत: "छी. उंदीर. तीन दिसांचा. बाजूनं जा." "हितं कुणी बाळाचं दूध ओतलंय. का ओतलं असंल?" खेकडा त्या ओळींवरून शिकायचा. आशपाक म्हणायचा, "काका, तुम्ही टेस्ट लिहिताय की कविता?"

"तू कोड लिव. मला वास लिवू दे."

डबा लागू झाला तेव्हा एक खोडा आला. इतरांच्या नकाशाची नक्कल चार मिनिटांत व्हायची. अण्णांची चाळीस मिनिटं. चौतीस वर्षांची झाकणं होती त्यात. आठवडाभर ते रोज सकाळी पट्टी बांधून भिंतीकडे बघत बसले.

"सुनी, हे काय? दूध थांबतंय व्हय असं?"

मला वाईट वाटलं. कृतीच्या फाइलीत मी एक ओळ बदलली. 'नक्कल कर' होतं तिथं 'जोड' केलं. जोडणी म्हणजे डब्याला बाहेरच्या घराकडे पाडलेली खिडकी. आतला हात खिडकीतून थेट घरातल्या फडताळापर्यंत जातो, नक्कल लागतच नाही. खिडकी नुसती बघण्यापुरती ठेवायची असेल तर ओळीच्या शेवटी तशी खूण करतात. मी केली. एडिटर लाल झाला: किळस पुसायला आतल्या प्रोग्रामला नकाशात लिहायचं होतं आणि लिहिता येईना. माझ्यासारखा प्रोग्रामर लाल अक्षरं बघून जे करतो तेच मी केलं. खूण काढून टाकली. लाल गेलं. दोन सेकंदांत डबा उघडला.

"ह्याला म्हणत्यात काम," अण्णा म्हणाले. मला किती बरं वाटलं होतं.

*

नासक्या चहाच्या त्याच दिवशी, दुपारी, मी अण्णांच्या टेबलाशी गेले. ते भडंग खात होते. डाव्या मुठीत भडंग, उजव्या हाताचं बोट कीबोर्डवर. पडद्यावर ताजी ओळ होती:

"गोडसर कुजका. खाली अंगाचा साबण, तंबाखू. नरम अडथळा. वरून जावे."

ओळीपुढे हिरवी खूण होती. आशपाकनं मंजूर केलेली. खेकडा गेलाही होता. वरून.

"अण्णा, हे काय आहे?"

"माणूस."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"गडी हाय. कालचा असंल." त्यांनी मुठीतलं भडंग तोंडात टाकलं, बोटाला लागलेला लसूण चाटला. "खांद्यापाशी जरा जागा हाय. खेकड्याचा पाय लागतोय, पन जातोय."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"इचारलं कुणी?" त्यांच्या आवाजात रागबिग काही नव्हतं. "वाट हाय का न्हाई येवढंच लिवायचं, असं तूच म्हणालीस की."

खेकड्याच्या कॅमेऱ्यात बघितलं. बघायला नको होतं. पाण्याची काळी साय, तिच्यात पाठ, पाठीवर फुगून ताणलेला निळा शर्ट, आणि शर्टावर सहा पायांच्या चिखलाच्या ठशांची नीट, सारख्या अंतराची ओळ. माझ्या प्रोग्रामची चाल. मी धावत मोरीकडे गेले. सहा महिने कोरडी असलेली ती मोरी. ओकले, पाणी प्यायले, पुन्हा ओकले. बाहेर चाळीस माणसं कीबोर्ड बडवत होती आणि कुणाचं डोकंही वर झालं नाही.

त्या शहरातल्या पोलिसांना मी फोन केला. संध्याकाळपर्यंत कळलं. एका ठेकेदारानं खेकडा यायची वाट न बघता माणूस उतरवला होता. बावीस वर्षांचा.

सहा वाजता पट्ट्या उतरल्या. आशपाकनं आपली पट्टी काढली, पाणी प्यायला, सवयीनं दिवसाच्या मंजुऱ्यांवरून नजर फिरवली. त्या ओळीवर थांबला. मग भिंतीला धरत धरत खाली बसला. "ताई, मी... मी टिक केली? मी?" त्याला किळस परत मिळाली होती, आणि ती त्याला आतून कुरतडत होती.

शेजारी अण्णांनी पट्टी काढली, घडी केली.

"सुनी, आज रातच्याला काय करणार? वांगं कर."

दोघं शेजारी शेजारी होते. एकानं पट्टी काढली होती आणि दुसऱ्यानंही. मग फरक कशाचा, हे कळायला मला एक ओळ वाचायची होती. मी कृतीची फाइल उघडली. 'जोड.' शेवटी खूण नाही. सहा महिने रोज डबा खिडकीतून हात घालून माझ्या बापाच्या फडताळातून थोडी थोडी किळस पुसत होता, आणि रोज संध्याकाळी पट्टी तो पुसलेला नकाशाच मूळ समजून त्यांना परत करत होती. नक्कल नव्हती. प्रत नव्हती. चौतीस वर्षांची झाकणं गेली होती.

*

"बसा ना सुनीती," शार्दूल घाटगे म्हणाले. कंपनी त्यांची. पट्टी त्यांनी आयुष्यात कधी बांधली नाही. टेबलावर निर्जंतुक रुमालांची डबी. माझ्याशी हात मिळवून त्यांनी एक रुमाल काढला. "झालं ते फार दुःखद आहे. पण बाजूला ठेवून बघितलं तर खेकड्यानं अडथळा उत्तम पार केला."

"अडथळा म्हणजे मुलगा होता, सर."

"हो, हो. तेच." ते पुढे झुकले. "मला तुमच्या वडिलांचं सांगा. पट्टी काढल्यावरही किळस येत नाही? अजिबात?"

"नाही."

"आणि त्यांना काही त्रास? झोप? भूक?"

"नासकं दूध पितात."

"पण तक्रार नाही." त्यांचे डोळे चमकायला लागले. "तुमच्या लक्षात येतंय का, काय सापडलंय आपल्याला? रोज लावा, रोज काढा, ही कटकटच संपली. शवागारं, कत्तलखाने... अशी माणसं हवीत म्हणून लोक रांगेत आहेत. सगळ्यांच्या डब्यात तुमची ती जोडणी टाका. सोमवारपर्यंत होईल?"

त्यांच्या तोंडाला पुदिन्याचा वास होता. गार, स्वच्छ, गोड. नासक्या चहानं मला एवढी शिसारी आली नव्हती. वाटलं, अण्णांच्या झाकणाला हा वास लागला असता तर त्यांनी कॅन उचलून रस्त्यावर ओतला असता.

"सोमवारपर्यंत कशाला?" मी म्हटलं. "आजच करते."

टेबलाशी येऊन फाइल उघडली आणि किळस पुसणारा थर कृतीतून काढून टाकला. पूर्ण. बदल मंजूर व्हायला दुसऱ्या कुणाचीतरी खूण लागते. आशपाक पट्टी न बांधता बसला होता. त्यानं एकदा वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टिक केली. "बादल्या काढायला सांगतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चाळीस जणांचा डबा नव्यानं बांधला गेला, आणि अकराच्या सुमारास शेड ओकली. पावणेबाराला माझं प्रवेशाचं कार्ड बंद झालं. पण तोवर अण्णांची ती 'वरून जावे'ची ओळ चाळीस जणांनी वाचली होती, स्वतःच्या पोटानं. निम्मे माझ्यामागून बाहेर आले. कामगार आयुक्तालयात दिलेल्या अर्जावर तेवीस सह्या आहेत. त्याचं पुढे काय व्हायचं ते होईल.

मला घरी जायचं होतं.

*

"अण्णा, तुमची किळस गेलीय. माझ्या चुकीनं."

मी सगळं सांगितलं. डबा, खिडकी, पुसून टाकलेली खूण. ते शांतपणे ऐकत होते. त्यांच्या सदऱ्यावर वांग्याच्या रश्श्याचा डाग होता, तीन दिवसांचा. आई गेल्यावरसुद्धा त्यांनी असा सदरा कधी घातला नव्हता. कपाटाखालून घाण येत होती. वाकून पाहिलं तर पाल मरून वाळली होती आणि मुंग्या तिचं पोट नेत होत्या. त्याच कपाटाला टेकून ते रोज झोपत होते.

"वास येतोय की मला," ते म्हणाले. "पालीचा येतोय. नुसतं काय वाटत न्हाई."

"वाटायला हवं का?"

त्यांनी विचार केला. "काय अडलंय? जेवान जातंय. झोप लागती."

हेच मला सगळ्यात भेसूर वाटलं. ज्याचं गेलं त्याला गेल्याचं दुःखही उरलं नव्हतं. 

"अण्णा, मला तुमच्यासोबत चहा प्यायचाय," मी म्हटलं. "तुम्ही आधी दूध हुंगणार, मग मी आधण ठेवणार. तसा."

"मग कर काय करायचं ते," म्हणाले. "तुझ्यावर इस्वास हाय."

त्यांचा नकाशा कुठेही नव्हता. पण झाकणं आणखी एका नाकानं हुंगली होती. सुट्टीच्या दिवशी, तीच झाकणं, त्याच क्षणी. चुकलं की पुन्हा, जमलं की पुढचं. ती नक्कल अण्णांनी स्वतःच्या हातानं केली होती, दहा वर्षं लावून, कसलीही खिडकी न ठेवता.

आशपाक त्याची स्वतःची पट्टी घेऊन आला. माझा नकाशा काढायला दोन तास लागले. एकाचा नकाशा दुसऱ्याला सहसा बसत नाही. परक्या माणसांत दहा-अकरा टक्के जुळतो, तेवढ्यावर चढवला तर माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. आशपाकनं अण्णांच्या उरल्यासुरल्या नकाशाशी माझा ताडून पाहिला आणि आकडा पुन्हा एकदा तपासला.

"त्र्याऐंशी, ताई."

"उरलेल्या सतराचं काय?"

"ते तुमचं असणार. तेही जाईल त्यांच्यात. वेगळं काढता येत नाही."

मी कृती लिहिली. 'नक्कल कर.' दोनदा वाचली. "अण्णा, चाळीस मिनिटं बसावं लागेल."

"बसतो की. आता कुठलं दूध खोळंबलंय?"

बसले. दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्या गुडघ्यावर आलं, मग फरशीवर उतरलं. आशपाक पडद्याकडे आणि मी त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत होते. चाळीस मिनिटं झाली. मी पट्टी सोडली आणि मुद्दाम झाकून नासवलेलं दूध आणून झाकण उलटं करून त्यांच्या नाकाशी धरलं.

त्यांनी डोळे मिटले. एक श्वास.

चेहरा आक्रसला, ओठ फाकले, मान मागे गेली. भांड्यावर हात असा बसला की दूध भिंतीपर्यंत उडालं.

"परत!"

मी हसत होते की रडत होते ठाऊक नाही. आशपाक दोन्ही करत होता. अण्णा मात्र आता सदऱ्याकडे बघत होते. त्यांनी तो ओरबाडून काढला. कपाटाकडे पाहिलं, उठून दूर झाले. मग उजव्या हाताचं ते टाइप करणारं बोट त्यांनी डोळ्यांसमोर धरलं आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला, तो मी कधी ऐकला नव्हता.

"गडी हुता गं. तंबाखू मळणारा. आंघोळ करून आलेला कामावर. मी लिवलं, वरनं जा. भडंग खात हुतो मी, सुनी." ते मोरीत गेले आणि बराच वेळ ओकत राहिले. मी पाठीवर हात ठेवला. पाठ थरथरत होती, आणि मला वाईट वाटत होतं, आणि तरी ती थरथर थांबू नये असं वाटत होतं.

तोंड धुऊन बाहेर आले. मधेच थांबले. माझ्या दिशेनं नाक उचललं, जसं रांगेतल्या एखाद्या कॅनकडे न उघडताच उचलायचे.

"हे एक जास्तीचं आलंय," हळूच म्हणाले. "माझं न्हवं हे. काय हाय?"

मी मान खाली घातली. 

"सुनी." ते जवळ येऊन बसले. "सोताचीच येवढी घाण वाटती व्हय गं तुला? हितं, छातीपाशी बसलीय. गिळवत न्हाई मला. तू चार दीस हे घिऊन हिंडतीस?"

"ओळ मी बदलली, अण्णा."

"व्हय. तूच बदललीस. आन लिवलं मी. त्याची लाज ठिवायची, मी बी ठिवीन. लाज चांगली." त्यांनी माझं मनगट धरलं, अंगठ्यानं त्यावर सावकाश फुली काढली. एक रेघ, मग दुसरी. "ह्यो कॅन मातुर परत."

आशपाकनं भिंत पुसली. मी पाल काढली, कपाटाखालची फरशी धुतली. अण्णा धुतलेला सदरा घालून कोपऱ्यावरच्या गवळ्याकडे गेले, तिथं भांडले, आणि ताजं दूध घेऊन आले.

मी आधण ठेवायला निघाले तर म्हणाले, "थांब." दुधाच्या किटलीचं झाकण काढलं, उलटं केलं. स्वतःच्या नाकाशी नेलं नाही. माझ्या नाकाशी धरलं.

"सांग. घ्यायचं का परत?"

मी डोळे मिटले.